पत्ते वाटणाऱ्या हातांवर दगड कशाला?

कॅसिनोत डीलर म्हणून नोकरीला लागलेल्या मुलाविषयी आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलले जाते. ‘हॉटेल लाइनमध्ये आहे’, ‘बोटीवर असतो’, एवढ्यावर पाहुण्यांची बोळवण होते; सोयरीक जुळवताना तर तेवढेही सांगितले जात नाही. या मुलांविषयी समाजात दोन मते आहेत. एक म्हणते, जुगाराच्या टेबलावर राबणारे हात बाटलेले. दुसरे म्हणते, पोरगा दरमहा पैसे धाडतो ना, मग नसती चौकशी कशाला? दोन्ही मते वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु अज्ञानाच्या बाबतीत ती सख्खी भावंडे आहेत. ते काम नेमके काय असते हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि त्या वाटेला लागलेल्या मुलाच्या वा मुलीच्या उपयोगी पडेल असे एक वाक्यही दोघांपाशी नाही.

प्रथम पहिल्या मताचा परामर्श घेऊ. ख्रिस्तसभेची शिकवण या मताहून अधिक नेमकी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २४१३ वा परिच्छेद नशिबाच्या खेळांना मुळातच अन्यायकारक ठरवत नाही. माणसाच्या व त्याच्यावर विसंबून असलेल्यांच्या गरजेचे जेव्हा त्यांच्यापायी हिरावले जाते, तेव्हा ते नीतीला सोडून होतात, असे तो सांगतो. जुगाराचा हव्यास माणसाला गुलाम करू शकतो, असा इशाराही तो देतो. क्रुसाखाली प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे शिपाई आपल्याला आठवतात. पण यूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच झाली, याचा विसर पडतो. धर्मग्रामाच्या फेटमध्ये हाऊजीचे आकडे पुकारणाऱ्याला आपण टाळ्या देतो. लग्नाच्या मांडवात ज्याच्या हातून पेला घेतो, त्या बारमनला पापी म्हणत नाही. मग डीलरलाच वेगळा न्याय का?

हाऊजी आणि कॅसिनो एकच, असे मी म्हणत नाही. हाऊजीच्या तिकिटाने कुणाची चूल विझत नाही. कॅसिनोच्या टेबलावर ती विझू शकते. पण हा भेद मान्य केला की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: हे टेबल मांडले कोणी? गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी दिली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांच्या खेळांना वाट मोकळी केली. त्यातूनच पुढे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात झगमगती जहाजे उभी राहिली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास सरकारने बंदी घातली. नोकरी करण्यास मात्र मुभा ठेवली. हे ताट आपल्या माणसाने खाण्यासारखे नाही, पण वाढप्याचे काम त्याने खुशाल करावे, अशी ही कबुलीच झाली! महाराष्ट्राची कथाही सरळ नाही. येथे १९७६ सालीच कॅसिनोंसाठी कायदा झाला, तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द केला गेला. दरम्यान १९६९ पासून सरकारची स्वतःची लॉटरी होतीच. कायदा करणारा, परवाना देणारा, कर घेणारा आणि नफा मिळवणारा, यांच्यापर्यंत आपला दगड पोहोचत नाही. म्हणून तो टेबलाशी उभ्या असलेल्या पगारी पोरावर भिरकावायचा, हे शौर्य नव्हे.

आता दुसऱ्या मताकडे वळू. ‘छानछोकी कपडे, थंडगार हवा आणि सोपा पैसा’ हे चित्र सिनेमाने रंगवले आहे. प्रत्यक्षात हे उभ्याने करायचे, रात्रीचे आणि हिशेबाचे काम आहे. रूलेटचेच पाहा. एका आकड्यावर ठेवलेल्या चिपला पस्तीस पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपला सतरा पट आणि चार आकड्यांच्या कोपऱ्यावरच्या चिपला आठ पट द्यायचे असतात. जिंकलेल्या आकड्यावर तीन, त्याच्या रेघांवर चार आणि कोपऱ्यांवर दोन चिप्स असतील, तर १०५, ६८ आणि १६ मिळून १८९, हा हिशेब भोवतालच्या गलक्यात तोंडी करायचा. टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे. हरलेल्याचे शिव्याशाप हसतमुखाने ऐकायचे. जेव्हा घरी नाताळची रात्र साजरी होते, तेव्हा तेथे गर्दीचा हंगाम असतो. हा पैसा सोपा आहे असे म्हणणाऱ्याने एक पाळी करून पाहावी.

म्हणून जाणाऱ्याला टोमणे नकोत, सल्ला हवा. पहिला सल्ला गणिताचा. पस्तीस, सतरा, अकरा, आठ, पाच हे पाढे घरीच पाठ करावेत. हिशेब चुकला तर तो गुपचूप दुरुस्त करू नये. हात थांबवून वरिष्ठाला हाक मारावी. चूक माफ होते, लपवाछपवी चोरीत जमा होते.

दुसरा सल्ला कागदांचा. प्रशिक्षणाची फी भरण्यापूर्वी नोकरीचे पत्र कोणाच्या सहीने मिळणार, हे विचारावे. परदेशी जहाजावर जायचे असल्यास भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे पाहावे. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी श्रमिक करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल जहाजावरच्या कामगाराकडून दलाली घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला यांसारखा खर्च तेवढा त्याचा. पर्यटक व्हिसावर ‘आधी चला, मग पाहू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाओसच्या गोल्डन ट्रँगल क्षेत्रातून ४७ भारतीयांची सुटका आपल्या दूतावासाला करावी लागली. त्यांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले होते. आईचे दागिने गहाण टाकण्याआधी ही बातमी आठवावी.

तिसरा सल्ला सर्वांत मोलाचा: टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कधीही बसू नये. युरोपीय रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवले तर ३,७०० रुपये लागतील, आणि जिंकलेल्या घराचे मूळ शंभर धरून हाती ३,६०० येतील. उरलेले शंभर कॅसिनोचे. म्हणजे शेकडा २.७०. अमेरिकी चक्रावर ३८ घरे, तेथे हाच वाटा शेकडा ५.२६ होतो. यात लबाडी नाही, नशीबही नाही. साधा भागाकार आहे. इतरांना हे पुस्तकातून शिकावे लागते, डीलर ते रोज रात्री डोळ्यांनी पाहतो. पाहूनही जो सुट्टीच्या दिवशी स्वतःचा पगार दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवतो, त्याला कोण वाचवणार?

चौथा सल्ला मुदतीचा. टिपांना पगार समजून कर्ज काढू नये. मार्च २०२० मध्ये गोव्यातील कॅसिनो बंद झाले ते नोव्हेंबरातच उघडले; त्या महिन्यांत टिप कोण देणार होते? किती वर्षे राहायचे, किती साठवायचे आणि पुढे काय शिकायचे, हे जाण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे.

एक प्रश्न मात्र कोणत्याही सल्ल्याने सुटत नाही. समोरचा माणूस मुलांच्या फीचे पैसे लावतो आहे, असे दिसले तर डीलरने काय करावे? त्याला खेळ थांबवता येत नाही. तो वरिष्ठाच्या कानावर घालू शकतो, आणि टिपेच्या आशेने त्या माणसाला आणखी चढवायचे नाही, एवढे स्वतःशी ठरवू शकतो. ज्या दिवशी ते दृश्य पाहून काहीच वाटेनासे होईल, तो दिवस नोकरी सोडण्याचा, हे त्याला आपणच सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्याशी आपण बोलणेच टाकले, त्याला हे सांगणार कोण?

आपली धर्मग्रामे तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची शिबिरे भरवतात. बँक, नर्सिंग, मर्चंट नेव्ही यांवर तेथे व्याख्याने होतात. कॅसिनोचे नाव निघत नाही, कारण ते घेण्याची लाज वाटते. ती लाज बाजूला ठेवून या कामात वर्षे काढलेल्या आपल्याच एखाद्या मुलाला तेथे बोलवावे आणि त्याच्याकडून पगार, पाळ्या, करार व प्रलोभने यांचा खरा हिशेब मांडून घ्यावा. तो ऐकून दहांतील सात जणांनी बेत सोडला तर उत्तमच. जे तरीही जातील, ते निदान डोळे उघडे ठेवून जातील, आणि अडचणीत सापडले तर घरी फोन करायला कचरणार नाहीत.