दिलेला शब्द कोणाला बांधतो?

पुण्याच्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी एक प्रसंग आता परिचयाचा झाला आहे. मुलाला शेवटच्या वर्षातच एका कंपनीचे पत्र मिळते. तो ते स्वीकारतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. रुजू होण्यास काही महिन्यांचा अवकाश असतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचे पत्र येऊन पडते. पगार अधिक, काम शिक्षणाला अनुरूप, गाव घराच्या जवळचे. मुलगा विचारतो, "बाबा, आता काय करू?" हयात साखर कारखान्यात घालवलेला बाप म्हणतो, "शब्द दिलास ना? मग मागे फिरू नये." शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता जिच्या डोळ्यांपुढे असतो ती आई गप्प राहते.

बापाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या वर्गाजवळ जमीनजुमला नाही, ठेवी नाहीत, त्याची पत शब्दावरच उभी असते. वाण्याकडची उधारी, भिशीचा हप्ता, संपाच्या सभेत वर केलेला हात, हे सारे व्यवहार दिलेल्या शब्दावर चालत आले. तेव्हा शब्द मोडू नये हे मूल्य कामकरी माणसाने स्वतः घडविले आहे. ते कोणी त्याच्यावर लादलेले नाही. प्रश्न एवढाच, की नोकरीच्या बाजारात हा शब्द नेमका कोण कोणाला देतो आणि तो मोडल्यावर किंमत कोण मोजतो?

देकारपत्राचे अंतरंग

व्यवहारात ज्याला 'ऑफर लेटर' म्हणतात ते देकारपत्र बारकाईने वाचणारे तरुण थोडे. तरुणाने किती दिवसांत होकार कळवावा, कोणती प्रमाणपत्रे आणावीत, नोकरी सोडताना किती महिन्यांची नोटीस द्यावी, हे त्यात काटेकोरपणे लिहिलेले असते. मात्र कंपनी त्याला कोणत्या दिवशी रुजू करून घेणार हे पुष्कळदा मोघम असते. 'कंपनीच्या व्यावसायिक गरजेनुसार' या तीन शब्दांत तिची सुटका झालेली असते. थोडक्यात, एका बाजूचा शब्द तारखेसह असतो आणि दुसऱ्या बाजूचा सवडीनुसार.

या सवडीचा अर्थ काय होतो हे अलीकडच्या वर्षांत उघड झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रो कंपनीने, ज्या नवपदवीधरांना वार्षिक साडेसहा लाख रुपयांचा देकार दिला होता त्यांच्यापुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. ज्यांनी पहिल्या पत्राच्या भरवशावर इतर संधी नाकारल्या होत्या त्यांनी कोणाकडे दाद मागावी? इन्फोसिस कंपनीने २०२२ साली निवडलेल्या सुमारे दोन हजार तरुणांना रुजू होण्यासाठी दोन वर्षे ताटकळावे लागले. पुण्याच्या 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात रुजू होण्याची पत्रे निघू लागली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीच्या म्हैसूर येथील केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढण्यात आले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. ते ग्राह्य धरले तरी, दोन वर्षे थांबण्याचा जो शब्द तरुणांनी पाळला त्याचा मोबदला कोणत्या खात्यात जमा झाला, हा प्रश्न उरतोच.

येथे कोणी म्हणेल की धंद्यात मंदी येते, परदेशी ग्राहक कामे कमी करतात, कंपनीने तरी काय करावे? युक्तिवाद खोटा नाही. परंतु परिस्थिती बदलली म्हणून शब्द बदलण्याची मुभा कंपनीला असेल, तर घरची परिस्थिती, कर्जाचा हप्ता, आईबापांचे आजारपण ही तरुणाची परिस्थिती नव्हे काय? एकाच्या अडचणीला 'व्यावसायिक निर्णय' म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या अडचणीला 'बेइमानी', ही नीती नव्हे.

जुन्या साखळीच्या कड्या

कामगाराचा शब्द तेवढा बंधनकारक आणि मालकाचा ऐच्छिक, ही समजूत आजची नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने केलेल्या कायद्यान्वये, आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येत असे. रक्कम परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम होई आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मजुरी बुडविणाऱ्या मालकाला मात्र या कायद्यात तुरुंग नव्हता. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ नोकरी सोडणे हा या देशातील गरिबाचा गुन्हा होता.

आजचा कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम, कोणालाही कायदेशीर व्यवसाय वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरवते. इच्छेविरुद्ध नोकरी करण्यास न्यायालय कोणाला भाग पाडीत नाही. तथापि या स्वातंत्र्यालाही मर्यादा आहेत. कल्याण येथील सेंच्युरी कंपनीच्या टायर-कॉर्ड कारखान्यात पाच वर्षांचा करार केलेला एक पाळी-पर्यवेक्षक १९६४ मध्ये अधिक पगारावर राजस्थानातील कोटा येथील स्पर्धक कारखान्यात गेला. कराराच्या उरलेल्या मुदतीत तशाच कारखान्यात काम करण्यास त्याला झालेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उचलून धरली. २०२५ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला होता, आणि सार्वजनिक बँकेला नव्या भरतीसाठी खर्चाची लांब प्रक्रिया करावी लागते, हा मुद्दा निकालात महत्त्वाचा ठरला. या निकालांचा बोध स्पष्ट आहे. देकार स्वीकारून अद्याप रुजू न झालेला तरुण एका जागी उभा असतो, आणि रुजू होऊन मुदतीच्या करारावर वा बंधपत्रावर सही केलेला तरुण अगदी निराळ्या जागी. निर्णय करावयाचा तर सहीच्या आधी. सही झाल्यावर केवळ मनाचा कौल पुरत नाही, कागदही वाचावा लागतो.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोचा 'कोयता' त्याच्याशी बांधला जातो. दुसरा मुकादम अधिक उचल देऊ लागला तरी पहिली फेडल्याशिवाय सुटका नाही, आणि तसे करू पाहणाऱ्यांना डांबून ठेवल्याच्या घटना काही थोड्या नाहीत. संगणकापुढे बसणाऱ्या पदवीधराची या कुटुंबाशी बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला कोणी ट्रकमध्ये घालून नेत नाही. परंतु बंधपत्राची रक्कम आणि उचल यांचे तत्त्व एकच आहे. दोन्हींत माणसाची दुसरीकडे जाण्याची शक्ती आधीच विकत घेतलेली असते. त्या तरुणाच्या बापाने ज्या कारखान्यात हयात घालवली, त्याच्या फाटकावरच्या बैलगाड्यांत ही शिकवण उभी होती.

जागा कोणाची अडते?

मग तरुणाने वाटेल तितकी पत्रे खिशात घालून शेवटच्या दिवशी लिलाव करावा काय? नाही. येथेच समाजवादी विचाराने बाजारी विचारापासून वेगळे झाले पाहिजे. मालक शब्द पाळीत नाही म्हणून मीही पाळणार नाही, हे तर्कशास्त्र मालकाचेच आहे. कामकऱ्याने ते उसने घेण्याचे कारण नाही.

बहुतेक महाविद्यालयांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो. एकदा निवड झालेल्याला पुढच्या मुलाखतींना बसता येत नाही. मुळात हा नियम न्यायाचा आहे. चार पत्रे एकाने अडवली तर तिघे रिकाम्या हाताने घरी जातात. परंतु व्यवहारात तो कंपन्यांना दिलेली हमी बनला. विद्यार्थ्याने माघार घेतली तर त्याला शिक्षा. कंपनीने पत्र फिरवले तर ती पुढच्या वर्षी पुन्हा सन्मानाने पाहुणी. न्यायाचा नियम असा अर्धाच लागू केला की त्याचा अन्याय होतो.

तेव्हा तरुणाचे खरे ऋण आहे ते यादीत त्याच्या मागे उभ्या असलेल्या, अद्याप नोकरी न मिळालेल्या मुलाचे वा मुलीचे. कंपनीचे ऋण त्यानंतरचे. या एका कसोटीवर बराच गुंता सुटतो. दुसरी नोकरी खरोखरच अधिक चांगली असेल तर ती घ्यावी, परंतु निर्णय होताच पहिल्या कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. रुजू होण्याच्या दिवशी दूरध्वनी बंद करून बसणे हा मालकाचा सूड नव्हे. त्यात मागच्या उमेदवाराची जागा बुडते. रुजू होण्यापूर्वी काही रक्कम घेतली असेल तर ती परत करावी. पाच-सात माणसांची संस्था, एखादी शाळा वा सहकारी पतपेढी असेल, तर तेथे एका माणसाच्या माघारीने खरोखरच काम अडते; अशा ठिकाणी समक्ष भेटून सांगणे हे किमान सौजन्य आहे. आणि दुसऱ्या कंपनीचे पत्र जोवर सही-शिक्क्याचे, तारखेचे आणि पगाराच्या तपशिलाचे हातात नाही, तोवर तोंडी आश्वासनावर पहिली जागा सोडणे हे शहाणपण नव्हे.

'अधिक चांगली' याचा अर्थही तपासला पाहिजे. वार्षिक आकडा मोठा दिसतो, पण त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदानाची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मिसळलेली असते. दरमहा हातात काय पडते, बंधपत्र आहे काय, नोटिशीची मुदत तीस दिवसांची की नव्वद, रात्रपाळी किती, आजारपणाची रजा मिळते काय, हे प्रश्न आकड्याइतकेच मोलाचे. कित्येकदा लहान आकड्याची नोकरी माणसाला माणूस म्हणून जगू देते.

एकट्याचा निर्णय, सर्वांचा प्रश्न

येथवरचा विचार ज्याच्या हातात दोन पत्रे आहेत त्याच्यासाठी झाला. परंतु अशा एकामागे एकही पत्र नसलेले किती तरी तरुण उभे असतात. दोन पत्रांतून एक निवडण्याची मोकळीक ही मुक्ती नव्हे. तेजीत ती मिळते, मंदी आली की हिरावली जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न घरगुती पेच म्हणून सोडून देऊ नये.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर सक्तीचे झाले. ते स्वागतार्ह आहे. परंतु देकार स्वीकारल्यापासून रुजू होईपर्यंतच्या काळात तरुण अद्याप 'कामगार' नसतो आणि 'विद्यार्थी'ही उरलेला नसतो. या मधल्या निराधार काळासाठी मागणी साधी आहे. देकारपत्रात रुजू होण्याची तारीख असावी. ती कंपनीने पुढे ढकलल्यास ठरलेल्या पगाराच्या प्रमाणात भरपाई द्यावी. देकार मागे घेतल्यास, नोकरी सोडणाऱ्या कामगाराकडून नोटिशीचा जेवढा पगार मागितला जातो तेवढा तिने द्यावा. मूळ प्रमाणपत्रे कोणीही अडकवून ठेवू नयेत. महाविद्यालयांनी पत्र फिरविणाऱ्या कंपनीस पुढील वर्षी दार बंद ठेवावे. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक संध्याकाळ चार जाणत्या माणसांनी बसून तरुणांची देकारपत्रे वाचून दाखविली, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

त्या घरातला बाप म्हणाला ते अखेर खरेच आहे. शब्द पाळला पाहिजे. फक्त त्याच्या मुलाने पाळावयाचा शब्द आणि कंपनीने पाळावयाचा शब्द एकाच तराजूत तोलला जाईल, अशी व्यवस्था उभी करणे शिल्लक आहे. तोवर मुलाने डोके ताठ ठेवून, वेळेवर आणि लेखी कळवून, दुसरी नोकरी घ्यावी. त्याच्या मागच्या माणसाला जागा मिळाली की त्याचा शब्द पाळल्यासारखाच आहे.