सिलक्यारा: हार घातले, घर पाडले

12 नोव्हेंबर 2023. ऐन दिवाळीत उत्तराखंडमधील सिलक्यारा बोगदा ढासळला आणि 41 कामगार आत अडकले. साडेचार किलोमीटरच्या या महामार्ग बोगद्याला 2018 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्यात सुटकेचा मार्ग धरलेला होता. दुर्घटनेच्या वेळी तो नव्हता.

यंत्र मोडल्यावर शेवटचे सुमारे 12 मीटर हातांनी खोदले ते दलित-मुस्लिम वस्त्यांतल्या 'रॅट-होल' कामगारांनी. 17 व्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आले. देशाने टाळ्या वाजवल्या. तीन महिन्यांतच यातल्या एकाचे दिल्लीतले घर अतिक्रमण ठरवून पाडले गेले.

मजूरमंत्री असताना 1943 मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आपणही कामगाराच्या सत्कारावर समाधान मानू नये. सुटकेचा मार्ग आधी बांधा, हीच मागणी हवी.