वारसाचा फेरफार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात पणजोबांच्या कागदांचा शोध घरोघर सुरू झाला. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयाने तो आणखी वाढला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात आज खासरा पत्रक, पाहणीपत्रक हे शब्द तरुणांच्याही तोंडी आहेत. कुणबी प्रमाणपत्रासाठी जातीची नोंद शोधणे ही गरजच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. खंत एवढीच की हवा तो शब्द सापडला की पान मिटले जाते आणि त्याच दप्तरातला घराचा इतिहास न वाचलेला राहतो. मुंबईत मृत्युपत्राचे प्रोबेट उच्च न्यायालयातून घ्यावे लागे, मिळकतीची यादी आणि हिशेब दाखल करावा लागे. त्यामुळे तिथल्या जुन्या घराण्यांचा माग न्यायालयाच्या दप्तरात लागतो. हट्ट्यातल्या शेतकऱ्यावर ती सक्ती कधीच नव्हती. माणूस गेल्यावर घरात काय घडले याचा इथला सरकारी पुरावा बहुधा एकच, वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीला वारसांची नावे लावल्याची महसुली नोंद.

तो वाचायचा कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मयताचे नाव कंसात जाते, खाली वारसांची नावे येतात आणि शेजारच्या वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक धरून मागे मागे जाता येते. नावापुढची आद्याक्षरे तर फार बोलकी असतात. ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असे लिहिले असेल तर वडील गेले तेव्हा मुलगा अज्ञान होता आणि व्यवहार आईच्या हाती होता. जन्मतारीख कुठेच मिळत नसली तरी मुलाच्या वयाचा अंदाज इथे बांधता येतो. ‘ए.कु.मॅ.’ दिसले की थबकावे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचेच नाव लागते आणि धाकटे कागदावरून गायब होतात. पुढच्या पिढीला वाटते, पणजोबा एकुलते एक होते. लेकींचे तर त्याहून वाईट. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगा असताना मुलीला बापाच्या जमिनीत वाटाच नसे, म्हणून तिचे नावही नसे. कायद्यानंतर ती दिसते, पण कितीतरी ठिकाणी हक्कसोडीच्या नोंदीपुरतीच. तरीही त्या नोंदीत तिच्या सासरचे गाव सापडू शकते, आणि तुटलेली नाती तिथून जुळतात.

फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, त्या नोंदी महसुलापुरत्या असतात, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मग त्यावर इतिहास कसा उभा करायचा, असा आक्षेप येईल. पण मालकी कुणाची हा आपला प्रश्नच नाही. अमुक दिवशी अमुक जणांनी स्वतःला वारस म्हणून पुढे केले, हे घडलेले असते, आणि इतिहासाला तेवढे पुरते. एक सावधगिरी हवी: नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायचे किंवा जमीन विकायची वेळ आली की मग वारस लावले जातात, त्यामुळे मधे पंधरा-वीस वर्षेही गेलेली असू शकतात. गाव नमुना 14 मधली मृत्यूची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय वर्ष पक्के धरू नये. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचे काय? त्यांच्यासाठी हे दप्तर मुके आहे. तिथे शाळेचे दाखलखारीज आणि 1951 ची नागरिक नोंदवही धुंडाळावी लागते, आणि तरीही पोकळी उरते.

मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद राज्यात हक्कनोंदणीचा कायदा फसली 1358 मध्ये, म्हणजे 1948-49 मध्ये आला. त्याआधीचे बरेच कागद उर्दू वा मोडीत आहेत. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. इनामी घराण्यांना अतियातच्या, म्हणजे इनामांच्या, विरासत (वारसा) प्रकरणांत वंशावळ मिळू शकते. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला, तेव्हा त्याआधीच्या जिल्हा पातळीवरच्या कागदांची चौकशी परभणीतही करायला हवी. वसमतच्या तहसिलीत नकलेचा अर्ज करताना फेरफाराच्या एका पानावर समाधान मानू नये. वारसांचा मूळ अर्ज, त्यांचे जबाब, 6-क ची वारस नोंदवही आणि वाद झाला असेल तर 6-अ ची नोंद, एवढे सगळे मागावे. शासनानेही हे कागद स्कॅन करताना फक्त जातीचा रकाना शोधू नये. फेरफाराला जोडलेले जबाबही त्याच क्रमांकाखाली जपावेत, कारण पुष्कळदा घरच्या बायकांची नावे त्या जबाबांतच असतात.