आजोबांचा फोन आजोबांच्याच हातात

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की देशभरातील निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. बँकेत किंवा कोषागारात जाऊन 'मी जिवंत आहे' असे लिहून द्यावयाचे, ही जुनी रीत. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' योजना सुरू झाली आणि बोटाच्या ठशावरून हे काम होऊ लागले. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तर स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी पुरते. योजना उत्तमच आहे. परंतु त्यासाठी फोनवर अ‍ॅप उतरवून घेणे, आधार व पीपीओ क्रमांक भरणे, आलेला ओटीपी योग्य जागी टाकणे हे सारे यावे लागते. ज्याच्यासाठी सोय केली, त्यालाच ती वापरता येत नाही, असे अनेक घरांतून दिसते.

मग हे शिकवायचे कुणी? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतून प्रत्येकी एक व्यक्ती शिकवून तयार करावयाची, हे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ अखेर ते संपले, तोवर सहा कोटींहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळाले. मात्र पात्रतेचे वय होते १४ ते ६०. म्हणजे २००७ चा ज्येष्ठ नागरिकविषयक कायदा ज्या वयापासून माणसाला ज्येष्ठ मानतो, नेमके तेथेच या वर्गाचे दार बंद होत होते! दुसरा कार्यक्रम 'उल्लास', अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. त्याला वयाची वरची मर्यादा नाही, तो स्वयंसेवकांवर चालतो आणि त्यात डिजिटल साक्षरताही आहे. पण तो निरक्षरांसाठी. सत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका, निवृत्त पोस्टमन किंवा रेल्वेचा गार्ड या दोन्ही चौकटींत बसत नाही. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढील लोकसंख्या दहा कोटींवर होती. एवढ्या मोठ्या समाजघटकाला दोन योजनांच्या मधल्या फटीत सोडून चालणार नाही.

ही फट बुजविण्याची ताकद शाळकरी मुलांमध्ये आहे, असे माझे मत आहे. नवी यंत्रणा उभी करण्याचीही गरज नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक अकरावी-बारावीच्या वर्गांतही आहेत आणि त्यांनी वर्षाला १२० तास समाजकार्य करावे अशी अपेक्षा आहे. त्यातील वीस तास एका आजी-आजोबांना दिले तरी बरेच काही साधेल. केरळचा अनुभव आश्वासक आहे. २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातून तेथे 'अक्षय' प्रकल्पाची सुरुवात झाली आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी संपूर्ण राज्य डिजिटल साक्षर म्हणून घोषित झाले. घरोघरी जाऊन शिकविणाऱ्यांत कुटुंबश्रीच्या महिलांप्रमाणे विद्यार्थीही होते, आणि शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेलेही.

परंतु येथे एक धोका आहे, आणि प्रशासनाने तो आधीच ओळखायला हवा. मुलांचे हात चपळ असतात. आजोबा प्रश्न विचारतात, मुलगा फोन हातात घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि "झालं बघा, आजोबा!" म्हणून परत देतो. काम झाले, शिक्षण मात्र झाले नाही. पुढच्या वेळी आजोबा पुन्हा परावलंबी. शिवाय या सवयीतून पिन आणि ओटीपी दुसऱ्याला सांगण्यात काही गैर नाही, असा समज पक्का होतो. फोनवरून फसविणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. उद्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय त्या निरपराध मुलावर येईल, हेही विसरता कामा नये.

म्हणून काही साधे नियम असावेत. एक, फोन सदैव शिकणाऱ्याच्याच हातात राहील. मुलाने केवळ सांगायचे व दाखवायचे. दोन, पिन टाकताना मुलाने तोंड फिरवायचे आणि पैसे पाठविण्याचा सराव एक रुपयाने करायचा. तीन, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हा पहिल्याच दिवसाचा धडा असावा. चार, बैठक वाचनालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, दोन मुले व एक शिक्षक यांच्या उपस्थितीत व्हावी. आणि पाचवा नियम अधिकाऱ्यांसाठी: मुलांचे तास मोजू नयेत, तर महिन्याभरानंतर किती ज्येष्ठ तेच काम एकट्याने करू शकतात ते मोजावे. आपल्याकडे जे मोजले जाते तेच केले जाते. तास मोजले तर तासच भरतील.

मुलांच्या या सेवेचा आधार घेऊन कार्यालयांनी आपली खिडकी बंद करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याच्या बोटांना कंप आहे, त्याला कितीही शिकविले तरी काही गोष्टी जमणार नाहीत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. हक्काची जबाबदारी शासनाची असते. ती सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

या दोन पथ्यांसह पुढील नोव्हेंबरच्या आधी, म्हणजे पावसाळ्यातच, एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने शिक्षण विभाग आणि कोषागार यांना एकत्र बसवून हे काम हाती घ्यावे. खर्च नगण्य आहे. आणि आपण हयात आहोत हे सांगण्यासाठी ज्येष्ठांना दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागू नये, एवढी साधी अपेक्षा त्यातून पूर्ण होऊ शकेल.