क्रमवारीचे सूत्र आणि बक्षिसाची रक्कम

संगणकीय खेळांना क्रीडा म्हणावे की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. त्यांतील गुणदानाचा प्रश्न मात्र आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘डोटा २’च्या ‘द इंटरनॅशनल’ या स्पर्धेचे थेट निमंत्रण कोणाला द्यायचे, हे २०१७ पर्यंत वाल्व्ह ही कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवीत असे. पुढे गुणपद्धती आली. २०२३ मध्ये तीही गुंडाळली गेली.

‘काउंटर-स्ट्राइक’बाबत त्याच कंपनीने निराळी वाट धरली. क्रमवारीची आज्ञावली तिने सर्वांसाठी खुली केली. निमंत्रणे क्रमवारीवरून किंवा खुल्या पात्रता फेरीतूनच द्यावीत, आयोजकांचे संघांशी व्यावसायिक लागेबांधे नसावेत, असे नियम तिने २०२३ मध्ये जाहीर केले आणि २०२५ पासून लागू केले. हे निःसंशय स्वागतार्ह होय.

परंतु सूत्र उघड झाले म्हणून ते न्याय्य ठरत नाही. संघाने आणि त्याने हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी जिंकलेली बक्षिसाची रक्कम या सूत्रात मोजली जाते. मोठी बक्षिसे मोठ्या स्पर्धांत, तेथील प्रवेश बव्हंशी क्रमवारीवरून, आणि क्रमवारी पुन्हा बक्षिसांवरून! (यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीनंतर गुणांकांचे तक्ते भरलेल्या प्राध्यापकांना हे चक्र समजावून सांगायला नको.) आज्ञावली समोर असल्याने आक्षेप नेमका कोठे घ्यावा, एवढे तरी कळते. तो ऐकायचा की नाही, हे मात्र अजूनही कंपनीच ठरवते. सूत्रातील बदलांवर खेळाडूंच्या प्रतिनिधींचे मत घेणे बंधनकारक असावे, ही मागणी आता व्हायला हवी.