डिग्रीचं नाव वाचलं, अटी वाचल्या का?

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न येतो. "दादा, इंटरनॅशनल क्रिमिनल जस्टिस करायचंय. हेगच्या कोर्टात काम करायचंय. कुठली डिग्री घेऊ?" विचारणारी पोरं खानापूरची असतात, निपाणीची असतात, बेळगाव शहरातली असतात. एवढं मोठं स्वप्न बघून मला आनंदच होतो. पण बहुतेकांनी डिग्रीचं फक्त नाव वाचलेलं असतं, अटी वाचलेल्या नसतात. म्हणून आज सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी परदेशातलं बघू. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात याच नावाची बी.ए. आहे. अभ्यास चांगला आहे, संशोधन, पत्रकारिता किंवा मानवी हक्कांच्या संस्थांत जायचं असेल तर उपयोगीही आहे. पण अमेरिकेत बी.ए. करून कोणी वकील होत नाही. तिकडं कायद्याचं खरं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. तीन वर्षांची जे.डी. आणि मग राज्याची बार परीक्षा. घरची जमीन गहाण ठेवून तिकडं जायचा विचार असेल तर आधी एवढं लक्षात घ्या.

आपल्याकडं हिशेब वेगळा आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे वकिलीची सनद मिळते ती बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेल्या एलएल.बी.वर. रस्ते दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा, नाहीतर कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा. नुसती 'लीगल स्टडीज' किंवा 'क्रिमिनॉलॉजी'मधली बी.ए. केली तर सनद नाही, पुढं तीन वर्षं लॉ करावंच लागतं. कौन्सिलच्या २००८च्या नियमांत प्रवेशासाठी सर्वसाधारण गटाला किमान ४५ टक्के आणि एससी-एसटीला ४० टक्के गुण लागतात. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी. इंटर्नशिप पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला १२. घरबसल्या पत्राद्वारे केलेली एलएल.बी. सनदेला चालत नाही. शेवटी ऑल इंडिया बार एक्झाम.

आता अभ्यासक्रम. दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा, संविधान हे सक्तीचे. आंतरराष्ट्रीय कायद्याचाही एक पेपर सक्तीचा. पण आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा ऐच्छिक गटात येतो आणि तो मिळेल की नाही हे कॉलेजवर अवलंबून. म्हणून प्रवेश घेताना इमारत बघून हुरळून जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला ऐच्छिक पेपर कोणते, शिकवायला माणूस कोण, हे थेट विचारा.

इथं बरीच पोरं नाराज होतात. "दंडसंहिता घोकून हेगला कसं पोचणार?" उत्तर हेगच्याच नियमांत आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम करार १७ जुलै १९९८ला मंजूर झाला, १ जुलै २००२ला लागू झाला. तिथं १८ न्यायाधीश असतात आणि उमेदवारांच्या याद्या दोन. पहिल्या यादीत फौजदारी कायदा आणि खटल्यांचा अनुभव असलेले, दुसऱ्या यादीत आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार. पहिल्या निवडणुकीत पहिल्या यादीतून किमान ९ आणि दुसरीतून किमान ५ घ्यायचे, असं करारातच लिहिलंय. बचावाच्या वकिलालाही फौजदारी खटल्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, शिवाय इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम यावी लागते. म्हणजे हेगलाही विचारतात तेच, उलटतपास घेता येतो का, पुरावा वाचता येतो का.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. भारत या कराराचा सदस्य नाही, त्यामुळं आज भारतीय नागरिक तिथं न्यायाधीश होऊ शकत नाही. वकिलाच्या पात्रतेत मात्र नागरिकत्वाची अट नाही. आणि आपल्या देशाला ही परंपरा नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत जपानी नेत्यांवर खटला चालला, तिथं वेगळा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हे बंगालच्या खेड्यातून आलेले, आधी गणिताचे प्राध्यापक. आयकर कायदा आणि हिंदू कायद्यात त्यांनी नाव कमावलं होतं. त्यांचं मत पटो न पटो, टोकियोच्या खुर्चीपर्यंत ते पोचले ते कलकत्त्यातल्या साध्या वकिलीच्या वाटेनं.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो आपला आहे. रोम करारात आरोपीला त्याला नीट समजणाऱ्या भाषेत आरोप कळण्याचा आणि फुकट दुभाष्याचा हक्क आहे. आपल्या फौजदारी प्रक्रियेतही आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून सांगावी लागते. कागदावर ही एक ओळ आहे. पण कोर्टात चाललेलं काहीच न कळल्यामुळं दारापाशी नुसत्या उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या आजी सीमाभागात वाढलेल्या पोरांनी बघितलेल्या असतात. तुम्हाला घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी लागते. साक्षीदार नेमकं काय म्हणाला आणि भाषांतरात काय सुटलं, हे पकडणारा कान तुमच्याकडं आधीच आहे. फौजदारी वकिलाला याहून मोठं भांडवल नाही. त्याला चांगल्या इंग्रजीची जोड मात्र द्याच, तिथं कसूर नको.

तेव्हा मोठ्या नावाच्या डिग्रीसाठी अडून बसू नका. मान्यता असलेल्या लॉ कॉलेजात प्रवेश घ्या, फौजदारी आणि पुराव्याचा पाया पक्का करा, इंटर्नशिप जवळच्या जिल्हा न्यायालयात करा. परदेशातली एलएल.एम. नंतर करता येते, जमलं तर शिष्यवृत्तीवर. आणि प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढून कोर्टात जाऊन बसा. सुनावणी साधारणपणे सगळ्यांना खुली असते, तिकीट लागत नाही. दिवसभर बसूनही कंटाळा आला नाही, तर हे क्षेत्र तुमचं आहे.