पडद्यापलीकडचा रुग्ण

भातखाचरात दिवसभर राबून रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते. वेदना जवळजवळ नाही, सूज नाही, दंशाची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वास अडखळतो. जुन्नर-आंबेगावच्या ग्रामीण डॉक्टरपुढे असा रुग्ण येतो, तेव्हा ग्रंथ चाळण्याची उसंत नसते. वैद्यकीय शिक्षण पडद्यावर की वर्गात, या वादाचा निवाडा अशा खाटेशेजारीच व्हायला हवा.

मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि भावी डॉक्टरांचा वर्ग मोबाइलवर भरू लागला. त्याविषयी विद्यार्थ्यांची मते एकसुरी नव्हती. मुद्रित व्याख्यान हवे तितक्या वेळा ऐकता येते, प्रवासाचा वेळ व खर्च वाचतो, हे अनेकांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र शवविच्छेदन, रुग्णतपासणी आणि गुरूचा प्रत्यक्ष सहवास यांची उणीवही त्यांनीच बोलून दाखवली. शिवाय सोय सर्वांना सारखी नव्हती. जुन्नर तालुक्यातील खोडदची दुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांनी अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे संकेत टिपते; सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्याला मात्र मोबाइलच्या संकेतासाठी टेकडी गाठावी लागत होती.

केवळ श्रवणाने वैद्य घडत नाही, हे आपल्या परंपरेला पुरते ठाऊक होते. सुश्रुताने सरावासाठी स्वतंत्र अध्याय योजला. शिष्याने आधी भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा अभ्यास करावा. कितीही बहुश्रुत असला तरी हाताला सराव नसलेला शिष्य चिकित्साकर्मास अपात्र, असा त्याचा दंडक होता. आजचा नियमही वेगळे सांगत नाही. करोना वा युक्रेनमधील युद्धामुळे परदेशातील अखेरचे वर्ष ऑनलाइन पूर्ण करून परतलेल्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता बंधनकारक केली.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचारांचे जे काम उभे केले, ते याच मातीतले उदाहरण आहे. घोणस चावलेल्याचे रक्त कोरड्या काचनळीत 20 मिनिटे स्थिर ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून ते गोठले की नाही हे पाहायचे, ही चाचणी चित्रफितीवरून समजते. पण नातेवाइकांचा आक्रोश चालू असताना नळी न हलवता थांबण्याचे धैर्य आणि योग्य क्षणी प्रतिविष देण्याचा निर्णय रुग्णाजवळ उभे राहूनच शिकावा लागतो.

म्हणून तंत्रज्ञानाला विरोध नको आणि त्याची भुलावणही नको. व्याख्याने खुशाल पडद्यावर व्हावीत. त्यातून वाचलेला वेळ विद्यार्थ्यांनी घोडेगाव, जुन्नर, मंचरच्या शासकीय रुग्णालयांत अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घालवावा, अशी रचना महाविद्यालयांनी करावी. परीक्षा विद्यार्थी देतो. त्याच्या अपुऱ्या शिक्षणाची किंमत मात्र डोंगरातून झोळीत घालून आणलेला रुग्ण मोजतो. ती त्याच्यावर येऊ नये, एवढे भान धोरणकर्त्यांनी राखले पाहिजे.